नाव एक, घरे अनेक

पुणे जिल्ह्यात वडगाव एकच नाही. मावळ, बुद्रुक, शेरी असे शेपूट लावल्याशिवाय टपाल योग्य दारी पोचायचे नाही. तरीही त्या त्या गावातला माणूस आपल्या गावाला नुसते ‘वडगाव’च म्हणतो. प्रोग्रॅममधल्या नावांची हीच सोय नेमस्पेस करते. ‘सी’ भाषेत ती नाही, म्हणून तिथे नावांना उपसर्ग चिकटवावे लागतात.

मला यात विशेष रस वाटतो तो युकिहिरो मात्सुमोतो यांच्या १९९५ सालच्या रुबी भाषेमुळे. तिथे हे काम मॉड्यूल करते आणि एका मॉड्यूलच्या पोटात दुसरे लिहिता येते. समजा, ‘ग्रंथालय’ या मॉड्यूलमध्ये ‘दंड’ हा स्थिरांक आहे, २ रुपये. त्याच्या पोटात ‘हिशेब’ हे मॉड्यूल आहे. शिवाय सर्व मॉड्यूलांबाहेर, उघड्यावर, आणखी एक ‘दंड’ आहे, ५० रुपये. (ही नावे इथे केवळ सोयीसाठी देवनागरीत. रुबीत स्थिरांकाचे पहिले अक्षर कॅपिटल लागते आणि आपल्या लिपीत तो भेदच नाही. त्यामुळे मराठी नावाचा चल चालतो, स्थिरांक चालत नाही!)

‘हिशेब’मध्ये नुसते ‘दंड’ लिहिले तर कोणता मिळेल? आधी ‘ग्रंथालय’ उघडून त्याच्या आत ‘हिशेब’ उघडले असेल, तर रुबी आतून बाहेर शोधत जाते आणि २ मिळतात. पण ‘ग्रंथालय::हिशेब’ असे एकाच ओळीत जोडून उघडले, तर मॉड्यूल तेच, पत्ताही तोच, मात्र शोध ‘ग्रंथालया’त शिरतच नाही. ‘हिशेब’मध्ये काही सापडले नाही की तो उघड्यावरचे ५० उचलतो. प्रोग्रॅम थांबत नाही, तक्रार करत नाही. पुस्तक उशिरा परत करणाऱ्याच्या पावतीवर पंचवीसपट दंड छापला जातो.

याचे कारण असे, की रुबी आधी पाहते ती ओळ प्रत्यक्ष कोणत्या कुंपणांच्या आत लिहिली आहे ते. मॉड्यूलचे पूर्ण नाव काय, हे नव्हे. म्हणून एकच मॉड्यूल दोन फायलींत दोन तऱ्हांनी उघडले, तर त्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ नांदू शकतात. ‘मॉड्यूल.नेस्टिंग’ला विचारले की कुंपणांची यादी मिळते: पहिल्या तऱ्हेत दोन, दुसरीत एक.

जोडून लिहिल्याने ओळी कमी सरकतात, म्हणून ती तऱ्हा अनेकांना आवडते. मी ती टाळतो. टाळता आली नाही तर ‘ग्रंथालय::दंड’ असे पूर्ण लिहितो. आणि उघड्यावरचाच हवा असेल तेव्हा ‘::दंड’.