हँग झालेला संगणक थांबलेला नसतो

संगणक हँग झाला की माऊसचा बाण जागीच खिळतो, चालू असलेलं गाणं एकाच सुरावर अडकतं आणि आपला हात पॉवरच्या बटणाकडे जातो. तो क्षणभर आवरा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागला, तर यंत्राचा गाभा अजून जागा आहे. कळ दाबल्याची वर्दी आत पोचली, ऑपरेटिंग सिस्टीमने ती ऐकली, आणि दिवा लावायचा हुकूम परत बाहेर आला. मग अडकलंय ते वरचं एखादं सॉफ्टवेअर. दिवा ढिम्म राहिला, तर दुखणं खोल आहे.

आणि दोन्ही प्रकारांत प्रोसेसर बहुधा धावतच असतो. घरच्या साध्या प्रोसेसरचे सेकंदाला ३०० कोटी ठोके पडतात. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा वीतभर पुढे जात नाही, जेमतेम दहा सेंटिमीटर जातो. हा वेग आपल्या कल्पनेत मावत नाही, म्हणून तो ताणून बघू. समजा, प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. या हिशेबाने रॅममधून एखादी माहिती आणायला त्याला पाचेक मिनिटं लागतात. एसएसडीकडून आणायची तर तीन-चार दिवस. आणि जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायची तर साधारण अकरा महिने! एरवी पापणी लवायच्या आत उघडणाऱ्या फाईलमागे ही एवढी प्रतीक्षा असते.

आता त्या डिस्कवरचा एखादा भाग खराब झाला आहे असं धरा. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीपासून काही नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगणारं तिचं डोकं तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून बघतं. डिस्क सहजासहजी हार मानत नाही. दहा-दहा सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ प्रयत्न करत राहते. आपल्या ताणलेल्या घड्याळात ते दहा सेकंद म्हणजे साडेनऊशे वर्षं. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्याही आधी दोन शतकं एखादं पत्र पाठवावं आणि उत्तर आज यावं, इतकी ती वाट. प्रोसेसर मधल्या काळात दुसरी कामं करतो खरा. पण अडकलेला तुकडा खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमलाच हवा असेल, तर एकेक काम त्याच्यामागे रांगेत उभं राहतं. आपल्याला दिसतो फक्त गोठलेला पडदा. म्हणून ठरावीक फाईल किंवा फोल्डर उघडतानाच संगणक अडकत असेल आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहत असेल, तर पहिला संशय डिस्कवर घ्यावा. आतून टकटक ऐकू येत असेल, तर संशयाचीही गरज नाही.

रॅम अपुरी पडली तरी चित्र बरंचसं असंच दिसतं, पण ते हळूहळू येतं. ब्राउझरचे वीस टॅब उघडले की रॅममध्ये न मावणारी माहिती डिस्कवर ठेवली जाते आणि लागेल तशी परत आणली जाते. एका मर्यादेपुढे संगणकाचा सगळा वेळ या ने-आणीतच जातो, खरं काम जवळपास शून्य होतं. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच या अवस्थेची कारणं आणि उपाय मांडले होते. तिला थ्रॅशिंग म्हणतात. इथे फॉरमॅट मारून काही साधत नाही. रॅम वाढवा, फिरती डिस्क काढून एसएसडी बसवा.

उष्णतेचं काम सरळ आहे. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरी भागलं नाही तर यंत्र बंद पडतं. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात त्याच्या हाताशी फारशी सवलत उरत नाही. जाळीवरची धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला.

सगळ्यात फसवं दुखणं रॅमचं. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. गळून जायच्या आत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळी रॅम अशी नव्याने भरली जाते. रॉबर्ट डेनार्ड यांच्या या रचनेला १९६८ मध्ये पेटंट मिळालं. अब्जावधी गळक्या घरांवर आपण पगाराचा हिशेब आणि लेकराबाळांचे फोटो विश्वासाने सोपवतो, आणि ती घरं तो विश्वास पाळतात! एखादंच घर दगा देतं. मग संगणक आज पत्र लिहिताना अडकतो, उद्या सिनेमा बघताना, परवा काहीच करत नसताना. अडकण्याला काही धरबंधच नसेल, तर रॅम आणि पॉवर सप्लाय तपासावा. दुरुस्तीवाले रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसतात, ते काही थोतांड नव्हे. संपर्कावरचा मळ आणि पातळ थर निघाला की वीज नीट वाहते. पुसताना संगणकाची वायर काढलेली असावी. तरीही अडकणं थांबलं नाही, तर विंडोजमधली मेमरी डायग्नॉस्टिक चाचणी चालवावी.

इथे एक प्रश्न पडतो. हे सगळं आत घडत असताना संगणकाला स्वतःलाच कसं कळत नाही की आपण हँग झालोय? याचं उत्तर संगणक घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीचं आहे. कुठलाही प्रोग्राम कधीतरी थांबेल की अनंत काळ फिरत राहील, हे हमखास सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगच्या १९३६ च्या निबंधातून निघतं. म्हणून विंडोज फक्त अंदाज बांधतं. एखाद्या खिडकीने पाच सेकंद आपले निरोप उचलले नाहीत, की तिच्यावर ‘नॉट रिस्पाँडिंग’ असा शिक्का बसतो. पडद्यावर जी फिकी खिडकी दिसते ती मूळची नसतेच. विंडोजने तिच्या जागी ठेवलेली ती तोतया असते, तुम्हाला ती हलवता यावी, बंद करता यावी म्हणून.

अशा दुखण्याचा सर्वांत देखणा शोध मला मंगळावरचा वाटतो. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं, आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच स्वतःला रिस्टार्ट करू लागला. तिथे रॅमची पट्टी पुसायला कोण जाणार? रेडिओ संदेशाला एका बाजूने जायलाच दहा मिनिटांहून जास्त लागत होती. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांनी त्या यानाचा पृथ्वीवरचा जोड संगणक घेतला, आतल्या प्रत्येक घडामोडीची नोंद चालू केली आणि तोच बिघाड तिथे घडवून आणला. हवामानाची नोंद घेणारं एक कमी महत्त्वाचं काम सामायिक माहितीचं कुलूप धरून बसलं होतं. एक फार महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी खोळंबलं होतं. तेवढ्यात मधल्या प्रतीची कामं घुसत आणि कुलूप धरणाऱ्याला पुढे सरकूच देत नसत. महत्त्वाचं काम वेळेत झालेलं नाही हे पाहून यंत्रणा सगळं नव्याने सुरू करी. उपायही सुंदर होता: ज्याच्या हाती कुलूप, त्याला तेवढ्यापुरता खोळंबलेल्याचा मान द्यायचा. लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी ही पद्धत १९९० मध्ये सविस्तर मांडली होती. यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय होती, फक्त बंद ठेवलेली. ती चालू करणारा बदल पृथ्वीवरून पाठवला गेला आणि रिस्टार्ट थांबले.

नोंदींमुळे तो शोध लागला, आणि तशा नोंदी तुमच्या घरच्या संगणकातही आहेत. विंडोजच्या स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ असं टाईप करा. रोज काय कोसळलं, कोणत्या सॉफ्टवेअरमुळे, याचा तारीखवार तक्ता उघडेल. संगणक कधी अडकला, तेव्हा काय चालू होतं, हे तुम्हीही एका कागदावर लिहीत जा. पण त्याआधी आजच्या आज महत्त्वाच्या फाईली आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारू या’ म्हणाला, तर आधी हा तक्ता आणि तुमचा कागद त्याच्यासमोर ठेवा.