पाच पताकांचं ब्लूमिंग्टन

इंडियानापोलिसहून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर चुनखडीच्या खाणींचा टापू लागतो. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग याच भागातल्या दगडाने मढवलेली आहे. ब्लूमिंग्टनचं इंडियाना विद्यापीठही याच दगडाचं, १८२० साली स्थापन झालेलं. इतका इतिहास पुरे, कारण गावकऱ्यांनाही त्यात फारसा रस नाही. चहा-कॉफीच्या दुकानात कुणाशीही बोलायला लागा, विषय बास्केटबॉलवर येतो आणि तिथून थेट १९७६ वर.

असेंब्ली हॉल १९७१ मध्ये उघडला. त्याच वर्षी बॉब नाइट नावाचा तिशीतला प्रशिक्षक इथे आला. मोठ्या देणगीनंतर इमारतीच्या नावामागे देणगीदाराचं नाव लागलं, पण लोकांच्या तोंडी असेंब्ली हॉलच आहे. सुमारे १७ हजार माणसं बसतात. दोन्ही बाजूंच्या रांगा इतक्या उभ्या चढत जातात की वरच्या बाकावरून खाली बघताना पोटात गोळा येतो. एका टोकाला पाच पताका टांगल्या आहेत: १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. ही राष्ट्रीय विजेतेपदाची वर्षं. सहाव्या पताकेची वाट बघण्यात गावाची एक अख्खी पिढी मोठी झाली.

१९७६ चा संघ ३२ सामने खेळला आणि ३२ जिंकला. अंतिम सामन्यात मध्यंतराला मिशिगन पुढे होतं. इंडियानाचा बॉबी विल्करसन डोक्याला मार लागून सुरुवातीलाच बाहेर गेला होता. तरीही शेवटी गुणफलक होता ८६-६८. त्यानंतर लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटपासून गोंझागापर्यंत अनेक संघ अपराजित राहून शेवटच्या टप्प्यापर्यंत आले आणि तिथे अडखळले. पण जुन्या चाहत्यांसमोर १९७६ ची फार स्तुती केली तर ते तुम्हाला थांबवतात. खरा संघ १९७५ चा, असं त्यांचं ठाम मत. त्या वर्षी स्कॉट मे या खेळाडूचा हात मोडला आणि ३१ विजयांनंतर केंटकीने अवघ्या २ गुणांनी हरवलं. ते २ गुण इथली माणसं आजही पुन्हा पुन्हा मोजतात. मला हे फार आवडलं. जिंकलेल्या वर्षाइतकीच माया हरलेल्या वर्षावर करायला मन लागतं.

नाइट यांच्याबद्दल बोलताना मात्र आवाज थोडा खाली येतो. तीन विजेतेपदं त्यांची. १९८५ मध्ये भर सामन्यात मैदानावर खुर्ची भिरकावणारेही तेच. खेळाडूंशी त्यांच्या वागण्यावरून वाद वाढत गेला आणि सप्टेंबर २००० मध्ये विद्यापीठाने त्यांना काढलं. जवळपास २० वर्षं ते असेंब्ली हॉलमधल्या एकाही सामन्याला आले नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये आले, थकलेले, जुन्या खेळाडूंच्या आधाराने चालत, आणि सारा हॉल उभा राहिला. २०२३ मध्ये ते गेले. त्यांच्या रागाचा जाच ज्यांनी सोसला, त्यांना या टाळ्यांत जागा नव्हती, हेही नोंदवायला हवं.

पण मला भुरळ घातली ती मार्थाने. सत्तरच्या दशकात टीव्हीवर सामन्याआधी एका विमा कंपनीची जाहिरात लागे. रिकामा असेंब्ली हॉल, हातात फरशी पुसायचा मॉप घेतलेली एक सफाई कामगार बाई. काम करता करता ती विद्यापीठाचं गीत गुणगुणू लागते आणि बघता बघता ऑपेरातल्या गायिकेसारखा खडा सूर लावते. बस्स, एवढंच. आकाशवाणीची सकाळची धून ऐकून आपल्याकडच्या एका पिढीला जसं घर आठवतं, तसं इथल्या लोकांना मार्थाच्या सुराने बाबांची आरामखुर्ची आणि हिवाळ्याची रात्र आठवते. पुढे हॉलच्या मोठ्या पडद्यावर ती पुन्हा आली, तेव्हा १९८७ नंतर जन्मलेली मुलंही तिच्यासोबत गाऊ लागली.

इथल्या जर्सीवर पाठीमागे खेळाडूचं नाव नसतं, ही जुनी रीत. पूर्वी ते चालून जाई. न्यू कॅसलसारख्या राज्यातल्याच गावातून आलेला स्टीव्ह अल्फर्ड चार वर्षं राहिला, त्याला घराघरात ओळखत. आता पैशांचे करार आणि संघ बदलायची मोकळीक आली. खेळाडूंना त्यांच्या कष्टाचं मोल मिळतंय, ते मिळायलाच हवं होतं. पण वर्षभरात निघून जाणाऱ्या मुलाचा चेहरा लक्षात राहण्याआधीच जर्सी दुसऱ्याच्या अंगावर जाते. लोक १९७६ ला इतके घट्ट धरून बसतात, त्याचं हेही एक कारण असावं.

माझी तक्रार वेगळी आहे. पाहुणे असेंब्ली हॉल बघून परततात. आवारातच १९२८ चं जुनं क्रीडागृह आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. पहिल्या दोन पताका ज्यांनी जिंकल्या, ते प्रशिक्षक ब्रँच मॅक्रॅकन यांचे संघ तिथे खेळले. आणि तिथेच बिल गॅरेट खेळला. शेल्बीव्हिलचा हा कृष्णवर्णीय मुलगा १९४७ मध्ये राज्यातला सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरला होता. तरीही बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडागटातल्या एकाही विद्यापीठाला तो नको होता. कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायचा नाही, असा त्यांच्यात अलिखित करारच होता. इंडियानापोलिसच्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स यांना गाठलं, मॅक्रॅकन यांनी त्याला संघात घेतलं आणि १९५१ पर्यंत तो देशातल्या अव्वल खेळाडूंत गणला गेला. त्या क्रीडागृहावर मात्र वर्णभेदाचं समर्थन करणाऱ्या एका विश्वस्ताचं नाव होतं. ते उतरवून २०२० मध्ये गॅरेटचं नाव दिलं गेलं. गॅरेट १९७४ मध्येच वारला होता.

आज तिथे विद्यार्थी रोजचा खेळ खेळतात. नोव्हेंबर ते मार्च या हंगामात ब्लूमिंग्टनला जाणं झालं, तर सामन्याचं तिकीट जरूर काढा, पण दुपारचा एक तास गॅरेटच्या क्रीडागृहासाठी ठेवा.