रॅपमधली खरखर आणि आपले डफडे

काटोलमधली आमची मुले रॅप ऐकतात आणि शिक्षक मंडळी त्याला गोंगाट म्हणून मोडीत काढतात. हा गोंगाट कोणाच्या जगण्यातून आला, हे चळवळीतल्या माणसाने तरी तपासले पाहिजे.

जुलै २०२४ मध्ये शिकागोचा रॅपर कॉमन आणि संगीतकार पीट रॉक यांचा ‘द ऑडिटोरियम, व्हॉल्यूम १’ हा अल्बम आला. कॉमनचा पहिला अल्बम १९९२ चा. तीन दशकांनंतर हा कलावंत जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडून केलेल्या खडबडीत संगीताकडे परतला. असे अनेक ज्येष्ठ रॅपर करीत आहेत. याला निव्वळ स्मरणरंजन म्हणून चालणार नाही.

हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ पासून मोजतात. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क या तरुणाने दोन तबकड्या आलटूनपालटून फिरवल्या आणि गाण्यातला ड्रमचा तुकडा लांबवत नेला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. ज्यांना वाद्यवृंद परवडत नव्हता त्यांनी तबकडीलाच वाद्य केले. पुढे १९८७ मध्ये एसपी-१२०० हे यंत्र आले. त्यात जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावे. जागा वाचावी म्हणून तबकडी वेगाने वाजवून आवाज भरत आणि नंतर तो संथ करीत. त्यातून ती खरखर आली. म्हणजे ज्याला आज शैली म्हणतात, ती मुळात टंचाईची खूण आहे.

पण या कलेला दुसरी बाजूही आहे. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’ (१९७०) या गाण्यातला क्लाइड स्टबलफील्ड या काळ्या वादकाचा ठेका असंख्य गाण्यांत वापरला गेला. त्याबद्दल त्याला मानधन मिळाले नाही. २०१७ मध्ये तो वारला. १९९१ च्या एका न्यायालयीन निकालानंतर तुकडा घेण्यासाठी परवानगी आणि पैसा आवश्यक ठरला. पण पैसा जातो तो हक्क ज्याच्या नावावर त्याच्याकडे. हात ज्याचा, तो रिकामाच.

इथे आपला प्रश्न सुरू होतो. उसन्या चालीत नवा विचार भरण्याची कला आपल्याला नवी नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांनी लोकांच्या ओठांवरच्या चालींतून बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. आज अमरावतीचा विपिन तातड रॅपमधून जातीविरुद्ध बोलतो, तेव्हा तो याच वाटेवर असतो.

मात्र आपल्या जुन्या आवाजावर जातीचा शिक्का आहे. डफडे वाजवणे ही कला असली तरी गावाने ती जातीवर लादलेली सेवा केली होती. म्हणूनच आपल्यातील अनेकांनी ते वाद्य खाली ठेवले. तो नकार स्वाभिमानाचा होता. आज एखाद्या तरुणाने त्याचा ठेका गाण्यात घेतला तर मला आनंदच आहे. पण तो स्वेच्छेने घेतलेला असावा, वाजवणाऱ्याचे नाव त्याखाली असावे आणि मोबदला त्याच्या घरी पोचावा. एवढे नसेल तर ती नव्या यंत्रावरची जुनी बलुतेदारीच होय.

आणि परतायचे तर परतण्याजोगे काही उरले पाहिजे. अमेरिकेतल्या रॅपरला जुन्या तबकड्या तरी मिळतात. आपल्या गायन पार्ट्यांच्या कॅसेटी मात्र घराघरांतल्या पेट्यांत पडून आहेत. फितीला बुरशी लागते, आवाज पुसला जातो. कार्यकर्त्यांनी त्या गोळा कराव्यात, विद्यार्थ्यांनी त्यांची नक्कल करून घ्यावी, शिक्षकांनी गायकाचे, ढोलकीवाल्याचे, कोरस धरणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि साल वहीत नोंदवावे. ही वही नसेल, तर आपल्याही वादकांचा स्टबलफील्ड होईल.