विश्लेषण : मावळच्या डोंगरांसाठी कॅमेरा कोणता? फुल फ्रेम की क्रॉप सेन्सर?

पावसाळा लागला की लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये छत्र्यांबरोबर कॅमेऱ्याच्या पिशव्याही वाढतात. कोणी मळवलीला उतरून भाजे लेण्यांमार्गे लोहगडाची वाट धरतो, कोणी टायगर पॉइंटवर ढगांचा पडदा बाजूला होण्याची वाट पाहत उभा राहतो. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्यातील १२ किल्ल्यांत लोहगडही आहे. त्यामुळे या भागाची छायाचित्रे काढण्याचा उत्साह आणखी वाढला आहे. हातातला साधा कॅमेरा काही दिवस वापरून झाला की बहुतेकांना एकच प्रश्न पडतो : आता फुल फ्रेम घ्यावा का? प्रश्न मोठ्या रकमेचा आहे. त्याचे उत्तर दुकानाच्या काउंटरवर शोधण्यापेक्षा आपण कुठे, कोणत्या ऋतूत आणि कसे उभे राहून फोटो काढतो, यात शोधलेले बरे.

फुल फ्रेम आणि क्रॉप सेन्सर म्हणजे काय?

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी चकती. जुन्या ३५ मिमी फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिमी असे. तेवढ्याच आकाराचा सेन्सर म्हणजे फुल फ्रेम. त्याहून लहान असलेला एपीएस-सी सेन्सर निकॉन, सोनी, फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांत सुमारे २३.५ बाय १५.६ मिमीचा, तर कॅननमध्ये किंचित लहान असतो. यालाच बोलीभाषेत क्रॉप सेन्सर म्हणतात. क्षेत्रफळ काढले तर फुल फ्रेम सुमारे २.३ पट मोठा ठरतो. एकाच अ‍ॅपर्चरला आणि शटरच्या एकाच वेगाला तो तितक्याच पटीने जास्त प्रकाश गोळा करतो. छायाचित्रकारांच्या भाषेत हा फरक सव्वा स्टॉपच्या आसपास आहे. फुल फ्रेमच्या कौतुकाचे मूळ या एका आकड्यात आहे.

लेन्सवर याचा काय परिणाम होतो?

लहान सेन्सर लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा फक्त मधला भाग टिपतो. म्हणून एपीएस-सीवर दृश्य दीडपट (कॅननमध्ये १.६ पट) जवळचे दिसते. १६ मिमीची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर २४ मिमीसारखी वागते आणि २०० मिमीची ३०० मिमीसारखी.

मावळात याचे दोन अर्थ होतात. लोहगडाच्या विंचूकाट्यावर उभे राहून पायाजवळचा कातळ, खाली पवना जलाशय आणि मागे तुंग-तिकोना असे सगळे एका चौकटीत हवे असेल, तर रुंद दृश्य घेणारी लेन्स लागते. क्रॉप कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमी लेन्स इथे २७ मिमीपाशीच थांबते आणि अपुरी वाटते. अशा वेळी लोकांना वाटते, फुल फ्रेमच हवा. प्रत्यक्षात हवी असते ती १० मिमीपासून सुरू होणारी क्रॉपसाठीची वाइड लेन्स. ती १५ मिमीइतके रुंद दृश्य देते.

दुसरा अर्थ उलट बाजूचा. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले ढगांतून डोके वर काढतात, तेव्हा क्रॉप सेन्सर फायद्याचा ठरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम फोटोतून एपीएस-सीएवढा भाग कापून घेतला, तर जेमतेम साडेदहा मेगापिक्सेल उरतात. क्रॉप कॅमेरा त्याच लेन्सने त्याच भागाचे पूर्ण २४ मेगापिक्सेल देतो.

मोठा सेन्सर जास्त प्रकाश टिपतो, मग फोटो चांगलाच येणार ना?

इथेच बहुतेकांची गफलत होते. निसर्गचित्रात जवळचे फूल आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतात. सेन्सर मोठा असला की ही स्पष्टतेची खोली कमी होते. ती भरून काढायला अ‍ॅपर्चर बारीक करावे लागते आणि प्रकाश घटतो.

एक हिशेब पाहू. सप्टेंबरात सोनकीची पिवळी फुले पुढे आणि तुंगचा सुळका मागे, अशी चौकट आहे. फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स एफ/११ वर ठेवून पावणेदोन मीटरवर फोकस केला, तर सुमारे ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. क्रॉपवर तेच काम १६ मिमी लेन्स एफ/७.१ वर करते. आता फुले वाऱ्यावर डोलत असल्याने शटर १/६० सेकंदाहून मंद चालणार नाही, असे समजा. क्रॉप कॅमेऱ्याला आयएसओ ४०० पुरत असेल, तर फुल फ्रेमला तो ९०० च्या पुढे न्यावा लागेल. आयएसओ वाढला की दाणेदारपणा वाढतो. मोठ्या सेन्सरने कमावलेला सव्वा स्टॉप असा बारीक अ‍ॅपर्चरमध्ये खर्च होतो आणि दोन्ही फोटो जवळपास सारखे दिसतात.

मग फुल फ्रेमचा फायदा नेमका कधी मिळतो?

प्रामुख्याने दोन परिस्थितींत. पहिली, कॅमेरा तिपाईवर आहे आणि दृश्य स्थिर आहे. तेव्हा आयएसओ १०० वरच ठेवून शटर हवे तितके लांबवता येते. सेन्सर मोठा असल्याने एकूण प्रकाश जास्त साठतो आणि सावल्या उजळल्या तरी फोटो स्वच्छ राहतो. दुसरी, खोलीची गरज नाही आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडता येते. रात्रीचे तारे हे त्याचे ठळक उदाहरण. याखेरीज मोठ्या छपाईसाठी ४५ किंवा ६१ मेगापिक्सेलचे सेन्सर हवे असतील, तर त्यासाठीही फुल फ्रेमकडेच वळावे लागते.

मावळात या परिस्थिती किती वेळा येतात?

ऋतूनुसार पाहू. जून ते सप्टेंबर हा इथला सर्वांत गर्दीचा हंगाम. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच महिन्यांत. धुक्यात उजेड पसरलेला असतो. खूप उजळ आणि खूप काळे असे भाग दृश्यात कमी असतात. म्हणजे सावल्या उजळण्याची फुल फ्रेमची मोठी ताकद इथे फारशी कामी येत नाही. शिवाय वारा आणि सरींमध्ये तिपाई टिकत नाही, गवत हलत राहते, एका हातात छत्री असते. फोटो हातात कॅमेरा धरूनच निघतात आणि वरचा हिशेब लागू होतो.

किल्ल्यांवर आणि लेण्यांत आणखी एक अट असते. लोहगड, कार्ला, भाजे, बेडसे ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील स्थळे आहेत. अशा ठिकाणी तिपाई लावण्यासाठी परवानगी लागते आणि प्रवेशाच्या वेळाही ठरलेल्या असतात. त्यामुळे फुल फ्रेमचा तिपाईवरचा फायदा तिथे सहज मिळेल असे गृहीत धरू नये.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी चित्र पालटते. हवा स्वच्छ होते. पवनेच्या काठी पहाटे आकाश पेटलेले आणि समोरचा डोंगर काळाकुट्ट, असा टोकाचा फरक असतो. इथे तिपाईवरचा फुल फ्रेम नक्की सरस ठरतो. पण उजळ, मध्यम आणि गडद असे तीन फोटो काढून एकत्र केले किंवा ग्रॅज्युएटेड फिल्टर वापरला, तर क्रॉप कॅमेराही ती दरी बरीच भरून काढतो.

काजवे आणि ताऱ्यांचे काय?

फुल फ्रेमची खरी बाजू इथे मांडायला हवी. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, राजमाचीच्या परिसरात काजव्यांनी झाडे लखलखतात. एफ/१.८ किंवा एफ/२.८ वर, १५ ते ३० सेकंदांचे अनेक फोटो काढून ते एकत्र करावे लागतात. तिथे सव्वा स्टॉप डोळ्यांना दिसतो. आकाशगंगेचेही तसेच. तारे रेषेसारखे ओढले जाऊ नयेत म्हणून शटर फार लांबवता येत नाही. ५०० ला लेन्सच्या फुल फ्रेम हिशेबातील फोकल लेंग्थने भागायचे, असा ढोबळ नियम आहे. २४ मिमीला तो २० सेकंद देतो. वेळ बांधलेला असल्याने जास्त प्रकाश टिपणारा सेन्सरच उपयोगी पडतो.

मात्र हे वर्षातून मोजक्या रात्रींचे काम आहे. तेवढ्यासाठी पुण्या-मुंबईत फुल फ्रेम कॅमेरा आणि वेगवान लेन्स भाड्याने मिळतात. काजव्यांवर टॉर्च किंवा फ्लॅश मात्र मारू नये. त्यांची चमक हीच त्यांची जोडीदार शोधण्याची खूण असते आणि आपल्या उजेडात ती हरवते.

वजनात आणि खर्चात किती फरक पडतो?

एका कंपनीच्या दोन जोड्या पाहू. सोनी ए६४०० हा क्रॉप कॅमेरा ४०३ ग्रॅमचा आणि त्याची १०-१८ मिमी लेन्स २२५ ग्रॅमची. एकूण ६२८ ग्रॅम. त्याच कंपनीचा फुल फ्रेम ए७ थ्री ६५० ग्रॅमचा आणि १६-३५ मिमी एफ/४ लेन्स ५१८ ग्रॅमची. एकूण १,१६८ ग्रॅम. दृश्य जवळपास तेवढेच रुंद, वजन पावणेदोन पटींहून जास्त. लोणावळ्याहून राजमाचीची सुमारे १५ किलोमीटरची चाल असो की विसापूरच्या पाण्याने वाहणाऱ्या पायऱ्या, हे अर्धा किलो खांद्याला कळते.

फुल फ्रेमच्या काही नव्या बॉडी वजनाला हलक्या आणि किमतीलाही आवाक्यात आल्या आहेत, हे खरे. कॅनन आर८ बॅटरी-कार्डासह ४६१ ग्रॅमचाच आहे. पण खर्च बॉडीवर थांबत नाही. जुन्या क्रॉप लेन्स फुल फ्रेमवर लावल्या तर फोटोचा मधला भागच वापरता येतो आणि २४ मेगापिक्सेलचे साडेदहा होतात. म्हणजे लेन्सही नव्या घ्याव्या लागतात आणि मोठ्या व्यासाचे फिल्टरही. खरेदीपूर्वी किंमत विचारायची ती पूर्ण संचाची.

फोटो शेवटी कुठे पाहिला जातो?

हा प्रश्न सहसा विसरला जातो. हा मजकूर तुम्ही ज्या पडद्यावर वाचत आहात, त्यावर साधारण अडीच ते चार दशलक्ष पिक्सेल असतात. फोर-के टीव्हीवर सुमारे ८३ लाख. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा असतो आणि तो उत्तम दर्जाने २० बाय १३ इंच छापता येतो. म्हणजे फोनवर पाहण्यासाठी किंवा घरच्या भिंतीवरच्या फ्रेमसाठी क्रॉप सेन्सर पुरून उरतो. हॉटेलच्या भिंतीएवढी छपाई करायची असेल, फोटो विकायचे असतील किंवा प्रदर्शन भरवायचे असेल, तर जास्त मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमचा विचार रास्त आहे.

लोणावळ्याच्या पावसात कॅमेरा कसा टिकवावा?

सेन्सरच्या चर्चेत हा मुद्दा मागे पडतो, पण नुकसान इथेच होते. पावसापासून संरक्षण बॉडी आणि लेन्स दोन्हींना असेल तरच उपयोग. एसी गाडीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की काचेवर बाष्प धरते. तो बंद पिशवीत ठेवून थोडा वेळ बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. घरी आल्यावर ओली पिशवी तशीच कपाटात टाकली, तर लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलचा खर्च किरकोळ आहे, बुरशी लागलेल्या लेन्सचा नाही.

दुसरे नुकसान कॅमेऱ्याहून मोठे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. पावसाळ्यात धोकादायक ठिकाणांसाठी जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. निघण्यापूर्वी ते पाहावेत. धबधब्याच्या पाण्यात उतरून वाइड लेन्सने जे मिळते, ते पलीकडच्या सुरक्षित कड्यावरून लांब पल्ल्याच्या लेन्सने अधिक चांगले मिळू शकते.

मग निवड कशी करावी?

आधी आपले गेल्या वर्षातले आवडते २० फोटो काढून पाहा. त्यातले किती तिपाईवरचे आहेत, किती रात्रीचे, किती मोठे छापले? बहुतेक दिवसाउजेडी हातात कॅमेरा धरून काढलेले असतील, तर आहे तो क्रॉप कॅमेरा ठेवा आणि पैसे वाइड लेन्स, हलकी तिपाई, पोलरायझर आणि पावसाचे कव्हर यांवर खर्च करा. पोलरायझर ओल्या कातळावरची आणि पानांवरची चमक कमी करून हिरवा रंग खुलवतो. तो परिणाम सेन्सर बदलून मिळत नाही. निम्म्याहून अधिक फोटो रात्रीचे किंवा पहाटे तिपाईवर काढलेले असतील, मोठी छपाई होत असेल आणि लेन्ससह पूर्ण संच परवडत असेल, तर फुल फ्रेम घ्या.

ठरत नसेल, तर एका शनिवार-रविवारसाठी फुल फ्रेम भाड्याने घ्या आणि आपल्या कॅमेऱ्याबरोबर लोहगडावर न्या. एकाच जागेवरून, सारखीच स्पष्टतेची खोली ठेवून दोन्हींनी फोटो काढा आणि घरी येऊन शेजारी शेजारी ठेवा. कोणता कोणत्या कॅमेऱ्याचा हे न पाहता ओळखता आले नाही, तर तेवढे पैसे वाचले असे समजा. त्यातून पुढच्या पावसाळ्यात मावळाच्या आणखी बऱ्याच फेऱ्या होतील.