गोधडी टाकून देऊ नका!

दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. भांडीकुंडी गाडीत चढतात आणि त्यावर गोधड्यांची वळकटी. पोटासाठी कित्येक महिने परमुलखात काढायचे. पण वाचकहो, कलावंतही असे परमुलखात जाऊन राहतात, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? एखादी संस्था त्यांची राहण्याजेवणाची सोय करते. त्यांनी तिथे आपली कला करावी आणि तिथले लोक काय नेसतात, काय विणतात, कसे जगतात तेही पाहावे.

जपानातील तोकामाची येथे एका बंद पडलेल्या शाळेत १९८२ साली मिथिला संग्रहालय सुरू झाले. आपले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तिथे राहून चित्रे काढली. त्यांच्या चित्रांत असे काय होते? भातलावणी, मासेमारी, तारपानाच; म्हणजे रोजचेच जगणे. त्याच मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

तो मुलूख बर्फाचा. शेतकरी हिवाळ्यात घरी बसून विणकाम करीत. अंबाडीसारख्या एका झाडाच्या सालीपासून सूत काढून तलम कापड विणतात आणि ते उन्हात, बर्फावर पसरून पांढरे करतात. २००९ साली युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

त्याच देशाच्या उत्तर भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. गरीब शेतकरी जुन्या चिंध्या थरावर थर शिवून अंगावर घेत. त्याला ‘बोरो’ म्हणतात. पुढे सुबत्ता आली आणि लोकांना या ठिगळांची लाज वाटू लागली. तनाका चुझाबुरो या गृहस्थांनी मात्र खेडोपाडी हिंडून ती गोळा केली. २००९ ते २०१९ या काळात टोकियोच्या एका संग्रहालयात लोकांनी ती तिकीट काढून पाहिली.

आता आपल्या घरातली गोधडी उलगडा. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, लेकराचे अंगडे, सारे धावदोऱ्याने एकत्र आलेले. बोरोत आणि हिच्यात फरक तो काय? पण घरात ब्लँकेट आले की गोधडी गोठ्यात जाते आणि जुनी लुगडी भांडेवालीकडे. एका पातेल्यापायी कापड जाते, आणि टाके घालणारा हातही विसरतो.

तेव्हा मायभगिनींनो, एवढे कराच. घरातली एक तरी जुनी गोधडी बाजूला काढा. कडक ऊन दाखवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ट्रंकेत ठेवा. कोणी शिवली, कोणाच्या लुगड्याची, कोणत्या साली, हे कापडाच्या तुकड्यावर लिहून कोपऱ्याला टाचा. आणि सासूबाई धडधाकट आहेत तोवर लेकीसुनांनी त्यांच्याजवळ बसून एक नवी गोधडी पुरी करावी. कापड जुने मिळेल. शिकवणारी पुन्हा मिळणार नाही.