खुनी तोच, मरणारे नवे

आबिड्स हा हैदराबादचा एके काळचा टॉकीजचा पट्टा. पॅलेस, झमरूद महल, एन. टी. रामाराव यांच्या मालकीचं रामकृष्ण, संतोष आणि सपना ही जोडटॉकीज. सुलतान बाजारातल्या मराठी घरांतून तर इथे पायी पोचता येतं. यातली काही नावं आता फक्त जुन्या लोकांच्या बोलण्यात उरली आहेत, पण शहराची सिनेमाची हौस कमी झालेली नाही. मे २०२५ मध्ये या शहरात दोन रक्तबंबाळ चित्रपट एकाच वेळी चालले होते. एक तेलुगू ‘हिट’ मालिकेचा तिसरा भाग, १ मे रोजी आलेला. दुसरा हॉलिवुडच्या ‘फायनल डेस्टिनेशन’चा सहावा भाग, ‘ब्लडलाइन्स’, त्याच महिन्याच्या मध्यावर. दोघांनाही ‘ए’ प्रमाणपत्र.

सहावा भाग बघायला कोण जातं? गोष्ट तर पहिल्या भागातच सांगून संपली आहे. काही माणसं एका अपघातातून वाचतात आणि मृत्यू त्यांना क्रमाने गाठतो. सन २००० पासून यात फारसा बदल नाही. पण प्रेक्षक कोण मरणार हे बघायला येतच नाही, कसा मरणार हे बघायला येतो. कोकणातल्या दशावतारात संकासुर मारला जाणार हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. आजचा संकासुर कसा नाचतो, कसा बोलतो, यासाठी रात्र जागवली जाते. ‘फायनल डेस्टिनेशन’च्या २००३ मधल्या दुसऱ्या भागात ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकमुळे महामार्गावर भीषण अपघात होतो. त्या चित्रपटातल्या पात्रांची नावं आज सांगता येणार नाहीत, पण पुढे तसा ट्रक दिसला की गाडीचा वेग कमी करणारे प्रेक्षक अजून भेटतात.

या मालिकेत खुनी म्हणून माणूसच नाही. मृत्यूला चेहरा नाही, त्यामुळे त्याचं मानधन वाढत नाही, तो म्हातारा होत नाही आणि तारखांसाठी अडवतही नाही. भयपटांच्या मालिका टिकतात त्या या हिशेबावर. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) मध्ये जेसन खुनी नव्हताच. खून त्याची आई करते. जेसन दुसऱ्या भागात पुढे आला आणि त्याचा प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा तर १९८२ च्या तिसऱ्या भागात. मुखवटा चढला की आत कोणताही धिप्पाड नट चालतो, आणि भागाभागाला तो बदललाही. १९८४ चा चौथा भाग ‘शेवटचा अध्याय’ म्हणून जाहीर झाला होता. पाचवा १९८५ मध्ये आला. पुढे जेसन अंतराळातही जाऊन आला. कुऱ्हाड, आग, पाणी यांपैकी कशानेच तो थांबला नाही, थांबवलं ते वकिलांनी: पहिल्या पटकथेचे लेखक व्हिक्टर मिलर यांनी हक्कांसाठी दावा केला, २०२१ मध्ये अपील न्यायालयानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २००९ नंतर चित्रपटगृहात जेसन दिसलेला नाही.

‘सॉ’ या भयपट मालिकेचं अर्थकारण आणखी बोलकं आहे. जेम्स वान आणि ली व्हॅनेल या दोन तरुणांनी २००४ च्या पहिल्या भागाचं मुख्य चित्रीकरण साधारण १२ लाख डॉलरमध्ये, १८ दिवसांत उरकलं. गोष्टीचा मोठा भाग एका घाणेरड्या स्नानगृहात घडतो. कमाई दहा कोटी डॉलरच्या पुढे गेली. एवढा नफा बघितल्यावर दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवा भाग काढण्याचं निर्मात्यांना व्यसनच लागलं. २०१० पर्यंत सात झाले. गंमत अशी की मुख्य खलनायक जॉन क्रेमर तिसऱ्याच भागात मरतो. तरी टोबिन बेल हा नट त्या भूमिकेत येतच राहिला, कधी पूर्वकथेत, कधी ध्वनिफितीवर. २०२३ चा दहावा भाग तर पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या काळात घडतो.

मराठीत हा हिशेब चोख जमला तो विनोदी चित्रपटात. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) हा ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटावरून सुचलेला. मरता मरता तात्या विंचू मृत्युंजय मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. दिलीप प्रभावळकरांचा तात्या, रामदास पाध्ये यांचा बाहुला. पडद्यावरचा लाडका नायक होता लक्ष्मीकांत बेर्डे. बेर्डे २००४ मध्ये गेले. तरीही २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ आला, तोही थ्रीडीत, कारण बाहुला शाबूत होता. नायकाच्या जागी नायकाचा मुलगा आणता येतो, तात्या विंचूच्या जागी दुसरा कोणी आणला असता तर प्रेक्षकांनी चित्रपटगृह डोक्यावर घेतलं असतं. हाच बाहुला २००१ मध्ये तेलुगूतही पोचला होता. राजेंद्र प्रसाद यांचा ‘अम्मो बोम्मा’ हा ‘झपाटलेला’चाच रिमेक.

एरवी दक्षिणेत उलटा न्याय चालतो. राघव लॉरेन्सचा ‘मुनी’ (२००७), ‘कांचना’ (२०११), तेलुगूत ‘गंगा’ नावाने आलेला ‘कांचना २’ (२०१५) आणि ‘कांचना ३’ (२०१९) यांत भित्रा नायक कायम, भूत दरवेळी नवं. शिवाय भुताला तक्रार असावी लागते. जमीन बळकावली, कुटुंब मारलं, असं काहीतरी; मग नायकाच्या अंगात येऊन ते सूड उगवतं आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. जेसनसारखा विनाकारण मारत सुटणारा इथे फार दिवस टिकला नसता. आपल्याकडे पोस्टरवर नटाचा चेहरा विकला जातो, मुखवटा नाही, हेही त्यामागे आहेच.

हैदराबादने यावर आणखी एक प्रयोग पाहिला, रामगोपाल वर्मांचा. अमीरपेठेत व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवलेला हा माणूस. १९९२ चा त्यांचा ‘रात’ तेलुगूत ‘रात्री’ म्हणून आला. रेवतीचा अभिनय आणि कॅमेऱ्याची भिरभिर यांवर तो आजही अंगावर येतो. २००८ च्या ‘फूंक’साठी त्यांनी जाहीर केलं की जो एकटा बसून हा चित्रपट बघेल त्याला पाच लाख रुपये. जाहिरात गाजली. मग ‘फूंक २’ आला, दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हातून, आणि पुढे ‘भूत रिटर्न्स’. त्यांत आधीच्या चित्रपटाचं नाव होतं, पण प्रेक्षकाने वाट पाहावी असा तात्या विंचू नव्हता. ते विसरले गेले यात नवल नाही.

माणसं पैसे देऊन भीती का विकत घेतात, यावर डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठात एक प्रयोगशाळाच काम करते. तिथल्या संशोधकांनी भुताटकीच्या करमणूकघरात जाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. भीती फार कमी असली तर मजा नाही, फार जास्त झाली तरी नाही. मजा मधल्या पट्ट्यात. सिक्वेलची सोय इथेच आहे. कुठवर घाबरायचं आणि कुठे डोळे मिटायचे, हे मालिकेच्या जुन्या प्रेक्षकाला आधीच कळलेलं असतं.

तेलुगू चित्रपटसृष्टीने आता रक्ताचा सगळा मामला भुतांकडून काढून पोलिसांकडे दिला आहे. शैलेश कोलनू यांच्या ‘हिट’ मालिकेत खून तपासणारं पथक कायम आणि अधिकारी बदलते. २०२० मध्ये हैदराबादच्या आउटर रिंग रोडवरून बेपत्ता झालेली मुलगी आणि विश्वक सेन. २०२२ मध्ये विशाखापट्टणम आणि अडिवी शेष. तिसऱ्या भागात नानी, आणि आधीच्या दोन भागांना लाजवेल इतका रक्तपात. मालिकेचा निर्माताही असलेला नानी प्रदर्शनाआधी ठिकठिकाणी सांगत होता की मुलांना आणू नका. चित्रपट संपता संपता कार्ती पोलिस अधिकारी म्हणून दोन मिनिटं दिसतो, म्हणजे चौथ्या भागाची सोय झाली.