विचलन आणि विचालन : एका पारिभाषिक संज्ञेविषयी

मुळशी तालुक्यातील कोळवण (जव्हार-मोखाड्याकडील इतिहासप्रसिद्ध कोळवण निराळे) हे भातशेतीचे खोरे आहे. तेथे नदी वळते आणि शेतकरी बांधाला तोंड पाडून खाचरातील पाणी वळवतो. धातू एकच, परंतु पहिल्या वाक्यात पाणी कर्ता आहे, तर दुसऱ्यात ते कर्म झाले असून कर्तृत्व दुसऱ्याकडे गेले आहे. ‘गुरे वळणे’, ‘लाडू वळणे’ यांत मूळ धातूही सकर्मक होतो; तो भाग येथे प्रस्तुत नाही. वळणे आणि वळवणे यांतील भेद इतका अंगवळणी पडलेला आहे की बोलणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही. द्रायुयामिकीतील एका संज्ञेची फोड करताना मात्र त्याचे मोल कळते. (द्रव आणि वायू यांच्या जोडणीतून सिद्ध झालेला ‘द्रायू’ हा शब्द मराठी परिभाषेतील चांगल्या घडणीचा एक नमुना म्हणावा लागेल.)

वाहत्या द्रायूत एखादी वस्तू उभी असली म्हणजे तिच्या मागे मंद गतीचा, भोवऱ्यांनी भरलेला एक पट्टा तयार होतो. इंग्रजीत त्याला वेक म्हणतात. येथे ‘पश्चप्रवाह’ हा शब्द योजला आहे. बोलभाषेतील ‘आडोसा’ ही कल्पना त्याच्या जवळची आहे. आडोसा वस्तूच्या नेमका मागे असतो अशी सर्वसाधारण समजूत असते. ती पुष्कळदा चुकीची ठरते.

प्रथम साधे उदाहरण घ्यावे. पावसाळ्यातील ओढ्यात १० सेंटिमीटर जाडीचा गोल खांब रोवलेला आहे आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहत आहे. खांबाच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात. प्रत्येक कडेवरून सुमारे सेकंदाला एक. या भोवऱ्यांच्या दुहेरी रांगेची उपपत्ती थिओडोर फॉन कारमान यांनी १९११-१२ मध्ये मांडली. पश्चप्रवाह डावी-उजवीकडे झुलतो खरा, पण सरासरीने तो सरळच राहतो. आता खांबाच्या जागी एक फळी तिरपी धरली तर चित्र पालटते. फळी पाण्याला एका बाजूस ढकलते, पाणी फळीला उलट बाजूस ढकलते, आणि मागचा पट्टा कायमचा कलतो. वस्तूवरील आडवे बल आणि पश्चप्रवाहाचा कल या दोन स्वतंत्र घटना नव्हेत. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत. सुकाणूची मागची कड उजवीकडे नेली म्हणजे पाणी उजवीकडे फेकले जाते, नावेचा मागचा भाग डावीकडे सरकतो आणि नाळ उजवीकडे वळते. नावाड्याचे लक्ष नाळेकडे असते, म्हणून वळलेले पाणी त्याच्या हिशेबात येत नाही.

पवनचक्कीच्या बाबतीत हाच हिशेब अर्थकारणाचा होतो. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. अशा रांगांत पुढच्या चक्कीचा पश्चप्रवाह मागच्या चक्कीवर आला तर तिला मंदावलेला वारा मिळतो. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने वेग १० टक्क्यांनी घटला की शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते. यावर एक उपाय असा, की पुढच्या चक्कीचे तोंड वाऱ्यापासून काही अंश मुद्दाम फिरवावे. वारा पश्चिमेचा असताना तोंड थोडे दक्षिणेकडे फिरवले, तर पात्यांच्या चक्राने हवेवर लावलेल्या बलाचा काही अंश दक्षिणेकडे पडतो आणि पश्चप्रवाहही दक्षिणेकडे सरकतो. पुढची चक्की स्वतःचे थोडे उत्पादन गमावते. मागची त्याहून अधिक मिळवू शकते. मायकेल हाउलँड व सहकाऱ्यांनी भारतातील एका पवनक्षेत्रात याची परीक्षा करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेकंदाला ६ ते ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात ऊर्जेची वाढ सुमारे ३ टक्के, तर सर्व वेगांचा एकत्र विचार करता सुमारे १.२ टक्के आढळली. आकडे लहान आहेत. परंतु नवे यंत्र न उभारता केवळ चालविण्याच्या रीतीतून ते मिळालेले आहेत.

येथवर प्रयोजक कर्ता स्पष्ट आहे. कोणीतरी फळी तिरपी धरली, कोणीतरी चक्कीचे तोंड फिरवले. पश्चप्रवाह वळवला गेला. परंतु माशाच्या शेपटीप्रमाणे दोन्ही बाजूंना अगदी सारखे हेलकावे घेणारे पाते प्रवाहात ठेवले, आणि हेलकावे पुरेसे मोठे व जलद केले, तर त्याच्यामागील भोवऱ्यांची रांग एका बाजूस झुकते. पात्याच्या हालचालीत डावे-उजवे नाही, तरी प्रवाहात ते उत्पन्न होते. कोणत्या बाजूस झुकायचे, हे बहुधा पहिला हेलकावा कोणीकडे झाला यावर ठरते. काही प्रयोगांत ही बाजू मध्येच बदललेलीही आढळली आहे. तसेच दोन गोल खांब अगदी जवळजवळ, शेजारी शेजारी उभे केले असता मधल्या फटीतून येणारी धार एका खांबाकडे कलते आणि काही वेळाने, बाहेरचे काहीही न बदलता, दुसऱ्याकडे जाते. न्यूटनचा नियम येथेही मोडत नाही, कारण कल आला की आडवे बलही येते. पण वळवणारा दाखविता येत नाही. प्रवाह वळला, एवढेच म्हणता येते.

इंग्रजीत या दोन्ही प्रकारांना एकच संज्ञा लावली जाते, आणि मराठीत तिचे ‘विचलन’ असे भाषांतर सहज सुचते. ‘प्रमाण विचलन’मुळे हा शब्द परिचितही आहे. मात्र तो ‘चल्’ या अकर्मक धातूपासून आलेला असल्यामुळे नियंत्रणाचा, म्हणजे पवनचक्कीच्या प्रकरणातील मुख्य अर्थाचा, त्यात लोप होतो. संचलन आणि संचालन यांतील फरक मराठी वाचकाला शिकवावा लागत नाही. त्याच धर्तीवर स्वयमेव घडणाऱ्या कलाला ‘विचलन’ आणि घडवून आणलेल्याला ‘विचालन’ म्हणणे शक्य आहे. अपवर्तन, विवर्तन हे शब्द प्रकाशशास्त्राने आधीच घेतलेले असल्याने निवडीला फारसा वावही उरत नाही.

एक अडचण राहते. तिरप्या चक्कीमागे परस्परविरुद्ध फिरणाऱ्या भोवऱ्यांची एक जोडी निर्माण होते. ती पश्चप्रवाहाला दुमडून त्याचा छेद काजूच्या आकाराचा करते आणि त्याला आणखी बाजूला ओढते. म्हणजे आरंभी जो वळवला, तो पुढे आपल्याच भोवऱ्यांमुळे वळत जातो. या उत्तरार्धाला विचालन म्हणावे की विचलन, हे व्याकरणाने ठरण्याजोगे नाही; भोवऱ्यांची जोडी ही चक्कीची कृती मानायची की प्रवाहाची, याचा निर्णय प्रथम यामिकीने द्यावयास हवा.